घाटात अपघात, सही कन्नड कागदावर, मग क्लेम टाकायचा कुठं?

या वेळचं पत्र विट्याजवळच्या एका गावातून आलंय. लांब होतं, मी थोडं कापलंय, नावं काढलीत, बाकी शब्द ताईंचेच.

"वकीलताई नमस्कार. फेब्रुवारीत दुसऱ्या शनिवारची गोष्ट. शुक्रवारी रात्री जेवून घरातली नि भावकीतली मिळून आम्ही तेराजण ट्रॅव्हलर करून गोकर्ण-मुर्डेश्वरला निघालो. हुबळी सोडून अंकोल्याकडं घाट उतरताना पहाटे समोरून लोड ट्रक आमच्या बाजूला आला, गाडी घासली आणि कडेच्या चरीत गेली. मिस्टरांचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत गेला, रॉड-प्लेट टाकलीय, बोटं अजून वळत नाहीत. ते टेलर आहेत, वय ४२. सासूबाई ६३ च्या, त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. मला सात टाके. केस मात्र झाली आमच्याच ड्रायव्हरवर, कारण ट्रकवाल्यानं आधी जाऊन जबाब दिला आणि आम्ही सगळे दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी ट्रकमालकाचा माणूस आला, साठ हजार दिले आणि स्टँप पेपरवर मिस्टरांचा डाव्या हाताचा अंगठा नि माझी सही घेतली, सगळं कन्नडमध्ये. दुसरा एक आला, म्हणाला वकील देतो, एक रुपया द्यायचा नाही, आलेल्यातले पंचवीस टक्के. त्यानंपण चार-पाच कागदांवर सह्या घेतल्या, आधारची झेरॉक्स नेली. आता साडेतीन महिने झाले. हुबळीला सारखं जाणं जमणार नाही. ट्रॅव्हलर गावातल्याच एकांची आहे, त्यांना आम्ही दादा म्हणतो, त्यांच्यावर केस कशी करायची? दवाखान्याचं बिल बरंचसं मेडिक्लेममधून गेलं, तर आता काही मिळेल का? दीर म्हणतात साठ हजार घेतले तिथंच विषय संपला."

ताई, विषय संपलेला नाही. दिरांना सांगा की अजून सुरूच झालेला नाही.

सगळ्यात मोठी भीती आधी काढून टाकू. केस लढायला तुम्हाला कर्नाटकात जायची गरज नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १६६ सरळ सांगतं की नुकसानभरपाईचा अर्ज जिथं अपघात झाला तिथं टाकता येतो, अर्जदार जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथं टाकता येतो, नाहीतर सामनेवाला जिथं राहतो तिथं. निवड तुमची, विमा कंपनीची नाही. तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या, म्हणजे सांगलीच्या ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणात, अर्ज चालतो. उद्या निकालावर अपील झालंच तरी ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय आणि सांगली जिल्हा त्यातच येतो, म्हणजे मुंबईची रात्रीची गाडीपण नको. बाहेरगावी अपघात झालेली कितीतरी माणसं निव्वळ "तिकडं कोण जाणार" म्हणून क्लेमच टाकत नाहीत, किंवा तिकडच्या कुणाच्या तरी हातात सगळं देऊन मोकळी होतात. केस घरी आणता येते. कागद मात्र तिकडूनच आणावे लागतात, आणि खरी मेहनत त्यातच आहे.

आता तारीख. २०१९ च्या दुरुस्तीनं अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तुमचे सहा महिने ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भरतात. या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं अंतरिम आदेश दिलाय की निव्वळ उशिरा आला म्हणून अर्ज फेटाळू नका. पण तो अंतरिम आदेश आहे, त्याच्या भरवशावर निवांत बसणं म्हणजे शेजाऱ्याच्या छत्रीवर विसंबून पावसात निघणं. शिवाय व्याजाचा हिशोब आहे. ट्रिब्युनल जे व्याज देतं ते अर्ज केल्याच्या तारखेच्या आधीपासून देता येत नाही, म्हणजे अपघात फेब्रुवारीतला असला तरी अर्ज ऑगस्टमध्ये टाकलात तर मधल्या महिन्यांचं व्याज बुडालं. जूनमध्ये टाका.

पण टाकायच्या आधी एक काम आजच करा, पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. त्या पंचवीस टक्केवाल्यानं चार-पाच कागदांवर सह्या घेतल्या आणि आधार नेलं, त्यातला एक कागद वकीलपत्र असणार हे नक्की, आणि दुसरा कोरा क्लेम अर्ज असू शकतो. म्हणजे तुमच्या नावानं तिकडं केस टाकूनसुद्धा झाली असेल आणि तुम्हाला पत्ता नसेल. घरातल्या कुणा पोराला ई-कोर्ट्सचं अ‍ॅप उघडायला सांगा, राज्य कर्नाटक, जिल्हा उत्तर कन्नड नि धारवाड दोन्ही बघा, पक्षकाराच्या नावानं शोधा, मिस्टरांचं, सासूबाईंचं, तुमचं, स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेनं टाकून. तिकडं क्लेमच्या केसला एमव्हीसी नंबर पडतो. हे का महत्त्वाचं? तर सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सांगितलंय की एकाच अपघाताचे अर्ज एकाच माणसानं वेगवेगळ्या हायकोर्टांच्या हद्दीत टाकले असतील तर पहिला टाकलेला तिथंच चालेल आणि नंतरचा तिकडं वर्ग होईल. त्यानं आधी टाकला असेल तर तुमचा सांगलीचा अर्ज उठून तिकडं जाणार. आणि एका राज्यातली केस दुसऱ्या राज्यात आणायची तर सुप्रीम कोर्टात अर्ज करावा लागतो, ते खर्चाचं नि डोक्याला ताप.

काही सापडलं नाही तर उत्तम, लगेच एक साधं पत्र लिहा की अमुक तारखेला दवाखान्यात घेतलेल्या सह्या आणि वकीलपत्र आम्ही रद्द करतोय, आमच्या नावानं कुठंही अर्ज करू नये, आणि ते स्पीड पोस्टनं पाठवून पोच जपून ठेवा. वकिलाचं नाव-पत्ता माहीत नसेल तर त्या माणसाचा फोन नंबर असेलच, त्यावर मेसेज करा आणि स्क्रीनशॉट ठेवा. सापडलं तर मात्र सांगलीत अर्ज टाकायची घाई करू नका, आधी तिकडच्या वकिलाकडून केस मागं घेण्याबद्दल लेखी घ्या, दुसरीकडं अर्ज करायची मुभा राखून मागं घ्यायची, ही मुभा शब्दात यायला हवी.

टक्क्यांबद्दलपण बोलते, आमच्याच धंद्यातली गोष्ट आहे म्हणून लपवत नाही. बार कौन्सिलच्या नियमात स्पष्ट आहे की वकिलानं निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. दवाखान्यात माणसं पाठवून केसेस गोळा करणं तर त्याहून वाईट. आणि तरी हे सर्रास चालतं. तुमच्या केसमध्ये पंधरा लाख आले तर पंचवीस टक्के म्हणजे पावणेचार लाख, हाताच्या पुढच्या ऑपरेशनचे पैसे गेले की त्यात. वकिलाशी फी आधी ठरवा, टप्प्याटप्प्यानं द्यायची ठरवा, लेखी घ्या, आणि कोरा चेक कुणालाच देऊ नका, मला पण नाही. फी झेपत नसेल तर सांगलीच्या जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, अपंगत्व आलेल्या माणसालाही मिळतो. मोफतचा वकील म्हणजे कच्चा असं काही नसतं, त्यात चांगली माणसं असतात.

आता तो स्टँप पेपर. ज्या माणसाचा हात कालच ऑपरेट झालाय, जो औषधाच्या गुंगीत आहे, ज्याला कन्नड वाचता येत नाही, त्याचा अंगठा दवाखान्याच्या कॉटवर घेतलेला, त्या कागदाला ट्रिब्युनल किती भाव देईल ते तुम्हीच बघा. ट्रिब्युनलचं काम योग्य ती भरपाई ठरवणं आहे, साठ हजारांत सगळे हक्क सोडले असं लिहून घेतलं म्हणून तो दरवाजा बंद होत नाही असं माझं मत. पण दोन गोष्टी पाळा. एक, हा कागद लपवू नका, अर्जातच लिहा की असा कागद कसा, कुठं, कुणी घेतला आणि साठ हजार मिळाले, फार तर ते वजा होतील. लपवलं आणि उलटतपासात समोर आलं तर बाकी खरं बोललेलंही खोटं वाटायला लागतं. दोन, त्या कागदाचा फोटो तुमच्याकडं असेल तर तो कन्नड येणाऱ्या माणसाकडून आधी वाचून घ्या, कारण त्यात "चूक आमच्याच ड्रायव्हरची होती" असं एखादं वाक्य घुसडलेलं असू शकतं, आणि ते आपल्याला आधी कळायला हवं, कोर्टात नको.

केस तुमच्या ड्रायव्हरवर झालीय म्हणून तुम्ही घाबरलाय ते मला कळतं, पण इथं तुमची बाजू उलट भक्कम आहे. तुम्ही गाडी चालवत नव्हता. मागच्या सीटवर झोपलेल्या माणसाची चूक कुणी काढू शकत नाही. दोन गाड्यांच्या चुकीतून तिसऱ्याला लागलं तर कायद्यात त्याला कंपोझिट निग्लिजन्स म्हणतात, आणि २०१५ च्या खेन्येई निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की अशा जखमीला दोघांपैकी कुणाहीकडून पूर्ण भरपाई मागता येते, नंतर ते दोघं आपापसात कुणाची किती चूक ते बघतील. म्हणून अर्जात सामनेवाले चौघं करायचे, ट्रक मालक, ट्रकची विमा कंपनी, ट्रॅव्हलर मालक, ट्रॅव्हलरची विमा कंपनी. एकाला सोडलंत की दुसरी कंपनी उभी राहून म्हणणार, चूक तर न आणलेल्या गाडीची होती.

आणि तुमचा जबाब अजून झालाच नसेल तर तो करा. तपास अधिकाऱ्याला मराठीत किंवा इंग्लिशमध्ये सविस्तर लिहून पाठवा, ट्रक कुठल्या बाजूला होता, किती वाजता, कोण कुठल्या सीटवर, आणि त्याची एक प्रत तिथल्या जिल्ह्याच्या एसपी ऑफिसला. त्याच पत्रात लिहा की आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो आणि क्लेम सांगलीत टाकतोय. हेपण कारणानं सांगते. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे अपघातानंतर ४८ तासांत पोलिसांनी पहिला अहवाल ट्रिब्युनलला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल, त्याला डीएआर म्हणतात. हा अहवालच ट्रिब्युनल क्लेमचा अर्ज म्हणून धरू शकतं. तुमचे नव्वद दिवस होऊन गेलेत. म्हणजे तो गेला असेल किंवा जायच्या वाटेवर असेल, तुमचं म्हणणं त्यात असलेलं बरं. फौजदारी केसचं काय होईल ते होवो, तुमचा क्लेम त्यावर अडत नाही, फौजदारीत संशयापलीकडं सिद्ध करावं लागतं, इथं जास्त शक्यता कशाची एवढंच बघतात.

आता दादा. ताई, हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, मेव्हण्याची गाडी, चुलत्याची गाडी, मित्राची गाडी, त्याच्यावर केस कशी करायची, तोंड कसं दाखवायचं. मी त्यांना विचारते, दादा दरवर्षी विम्याचा हप्ता कशासाठी भरतात? भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या गाडीच्या विम्यात प्रवासी धरलेले असतात, ते पैसे कंपनी देते, दादांचं नाव अर्जात येतं कारण गाडी त्यांच्या नावावर आहे. त्यांच्या खिशाला हात लागतो तो कधी, तर विम्याच्या अटी मोडलेल्या असतील तेव्हा. ड्रायव्हरचं लायसन त्या प्रकारच्या गाडीचं नसेल, परमिट संपलेलं असेल, किंवा परमिट फक्त महाराष्ट्राचं असून गाडी कर्नाटकात नेली असेल. अशा वेळी बहुतेकदा कोर्ट कंपनीला सांगतं, आधी जखमीला दे, मग मालकाकडून वसूल कर. म्हणजे तुम्हाला पैसे मिळतात पण दादांच्या मागं वसुली लागते. तुमची ट्रॅव्हलर पिवळ्या नंबरप्लेटची आहे असं गृहीत धरतेय. पांढऱ्या प्लेटची, म्हणजे खाजगी गाडी भाड्यानं दिलेली असेल तर गुंता वाढतो, कंपनी पहिल्याच दिवशी हात वर करते, आणि ट्रकच्या विम्यावर आपला जास्त भार येतो. दोन्ही गाड्यांचे नंबर एम-परिवहन अ‍ॅपमध्ये टाकून विमा नि फिटनेस कधीपर्यंत होते ते बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

कागदांकडं येऊ. तिकडं एक फेरी मारावीच लागेल, तुम्ही नको, दिरांना पाठवा, म्हणजे ते विषय संपला म्हणायचे थांबतील. एफआयआर कर्नाटक पोलिसांच्या साइटवरूनपण काढता येते पण सही-शिक्क्याची प्रत लागतेच. आपण पंचनामा म्हणतो त्याला तिकडं महजर म्हणतात, ते मागायचं, सोबत जागेचा नकाशा. जखमेच्या दाखल्याला तिकडं वूंड सर्टिफिकेट म्हणतात, इंज्युरी सर्टिफिकेट मागितलं तर क्लार्क नुसता बघत बसतो, म्हणून शब्द पाठ करून जा. दोन्ही गाड्यांच्या तपासणीचा आरटीओचा रिपोर्ट फार महत्त्वाचा, घासल्याच्या खुणा कुठल्या बाजूला आहेत ते त्यात असतं आणि ट्रक आपल्या बाजूला आला होता हे त्यावरून बोलता येतं. दोषारोपपत्र दाखल झालं असेल तर कोर्टातून त्याची नक्कल.

आणि पहिल्या दवाखान्याचा, जिथं अँब्युलन्सनं आधी नेलं तिथला, केसपेपर. त्यावर डॉक्टरनं इतिहास काय लिहिलाय ते डोळ्यांत तेल घालून वाचा. एका केसमध्ये माझ्या अशिलाच्या पेपरवर "पडून लागलं" एवढंच लिहिलं होतं, कारण सोबतच्या घाबरलेल्या माणसानं "पडले पडले" असंच सांगितलं, गाडीचं नावच नाही. कंपनीनं त्या दोन शब्दांवर आम्हाला दीड वर्ष झुलवलं. तुमच्यात असं काही असेल तर वकिलाला आधी सांगा.

कन्नड कागदांचं भाषांतर लागणार, सांगलीच्या कोर्टात कन्नड कागद तसाच चालत नाही. आपल्या जिल्ह्यात जतकडं घरोघरी कन्नड बोलतात त्यामुळं वाचून सांगणारा माणूस शोधायला अवघड नाही, पण कोर्टासाठी ज्यानं केलं त्याच्या सही-प्रतिज्ञापत्रासकट भाषांतर करून घ्या. आणि अपघाताचे फोटो-व्हिडिओ ज्या मोबाईलमध्ये आहेत तो मोबाईल विकू नका, एक्सचेंजमध्ये तर नाहीच, कोर्टात मूळ फोन आणि त्यातले फोटो खरे असल्याचं सर्टिफिकेट मागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या फोटोला तेवढा जोर नसतो.

आता पैशाचं बोलू, कारण तुमच्या डोक्यात साठ हजार हाच आकडा बसलाय. मिस्टर महिन्याला समजा अठरा हजार कमवत होते. वर्षाचे २,१६,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळीस ते पन्नासमध्ये, म्हणून पुढच्या वाढीचे २५ टक्के मिळवायचे, झाले २,७०,०००. मग गुणक, म्हणजे वयाप्रमाणे वर्षाची कमाई किती पट धरायची तो आकडा, वय ४२ ला १४, म्हणजे ३७,८०,०००. हे गुणक सुप्रीम कोर्टानं २००९ च्या सरला वर्मा निकालात बांधून दिलेत आणि वाढीचे टक्के २०१७ च्या प्रणय सेठी निकालात, विमा कंपनीचा वकील आणि आमचा वकील दोघंही हेच कोष्टक घेऊन बसतात. मग या रकमेला अपंगत्वाच्या टक्क्यानं गुणायचं, आणि खरी लढाई इथं असते. डॉक्टर सर्टिफिकेटवर समजा लिहितील २५ टक्के, तर हिशोब येतो ९,४५,०००. पण २०१० च्या राज कुमार निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईची ताकद किती गेली ते वेगळं. उजव्या हाताची बोटं न वळणारा कारकून कसाबसा काम करेल, टेलर काय करेल? कात्री धरता येत नाही, कापड मशीनखाली सरकवता येत नाही. ट्रिब्युनलनं कमाईचं नुकसान ४० टक्के धरलं तर तीच रक्कम १५,१२,००० होते, ६० धरलं तर साडेबावीस लाखांच्या वर. त्यात दवाखाना, पुढं प्लेट काढायचं ऑपरेशन, इतके महिने बंद राहिलेलं दुकान, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च, मिरजेच्या फेऱ्या, वेदना, हे सगळं वेगळं. मी आकडा कबूल करत नाहीये, उदाहरण दाखवतेय, पण साठ हजार कुठं बसतात ते बघा.

म्हणून कमाईचा पुरावा जमवा. शॉप अ‍ॅक्टचं लायसन, दोरे-अस्तर-बटणांची खरेदीची बिलं, फोनपेचे स्टेटमेंट, बँकेचं पासबुक, शाळेच्या युनिफॉर्मची ऑर्डर घेतली असेल तर त्याचं पत्र, मापाच्या वह्या, हो मापाच्या वह्यापण, मला तर त्या फार आवडतात, एकेका पानावर तारीख नि नाव नि ब्लाऊजची संख्या असते, एवढा खरा हिशोब कुठल्या सीएकडं मिळायचा नाही. रिटर्न भरत नव्हता तर आता अपघातानंतर घाईनं फुगवलेलं रिटर्न भरू नका, कंपनी तारीख बघते. अपंगत्वाचा दाखला सांगली-मिरजेत उपचार करणाऱ्या किंवा तपासणाऱ्या डॉक्टरकडून घ्या, कारण त्या डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं आणि हुबळीचे डॉक्टर सांगलीला यायला तयार होणं कठीण. पण हात स्थिरावल्याशिवाय दाखल्याची घाई नको, अर्ज आधी टाकता येतो, दाखला मागून जोडता येतो.

मेडिक्लेमचा तुमचा प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर तुमच्या बाजूचं आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं सांगितलं की मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून कापायची नाही. तुम्ही वर्षानुवर्षं हप्ते भरलेत, त्याचा फायदा ट्रकच्या विमा कंपनीला का मिळावा, असा साधा विचार आहे त्यामागं. सांगलीत केस चालवायचा हाही एक फायदा. मूळ बिलं मेडिक्लेमवाल्यांकडं गेली असतील तर त्यांच्याकडून सेटलमेंटचं पत्र आणि शिक्क्याच्या झेरॉक्स मागून घ्या, दवाखान्याकडून डुप्लिकेट बिलंही मिळतात.

सासूबाईंचा अर्ज वेगळा टाकायचा, तुमचा पण वेगळा. "त्या काय कमवत होत्या" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. घरकामाला किंमत आहे आणि घर सांभाळणाऱ्या बाईचं काल्पनिक उत्पन्न धरायचं हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२१ च्या कीर्ती निकालात पुन्हा ठणकावून सांगितलंय. त्या स्वयंपाक करत होत्या, शेरडं बघत होत्या, नातवंडं सांभाळत होत्या, आता ते कोण करतंय आणि त्याला किती जातात ते लिहून काढा. तुमचे सात टाकेपण सोडू नका, रक्कम छोटी असेल पण तुम्ही अपघाताच्या साक्षीदारही आहात, स्वतःचा अर्ज असला की कोर्टात यायचं कारण आपोआप होतं.

मध्येच कधीतरी विमा कंपनीचा माणूस किंवा त्यांचा वकील म्हणेल, लोकअदालतीत मिटवू. वाईट नसतं ते, पैसे लवकर मिळतात, माझ्या कितीतरी केसेस तिथंच मिटल्यात. पण तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही, म्हणून हाताचं पुढचं ऑपरेशन व्हायच्या आत मिटवायला जाऊ नका आणि आकडा ऐकून तिथल्या तिथं मान डोलवू नका, घरी जाऊन वर दिलेला हिशोब मांडून बघा. दोन-तीन वर्षं धरून चाला, त्याहून लवकर झालं तर दुकानात नवीन मशीन घ्या, पायानं न मारायचं.

सोन्याच्या साखळीचं तुम्ही पत्राच्या मागं लिहिलंय, ती जबाबात लिहा पण आस धरू नका, पुराव्याशिवाय ते कुणी देत नाही.

आणि दादांना नोटीस जायच्या आधी तुम्ही स्वतः भेटा. मिस्टरांना घेऊन जा, चहा घ्या, सांगा की नाव अर्जात येणार आहे, पैसे कंपनीकडून मागतोय. बऱ्याचदा माणूस नोटिशीला घाबरत नाही, आपल्याला आधी सांगितलं नाही याचा राग धरतो. येताना गाडीचं आरसी, परमिट, विमा आणि ड्रायव्हरचं लायसन, चारही झेरॉक्स मागून घ्या. परमिटच्या झेरॉक्सवर "कर्नाटक" किंवा "अखिल भारतीय" असं काही दिसलं तर मला कळवा, नाही दिसलं तर त्याच दिवशी कळवा.